विठूचे चौदा टक्के

१

गाडी फक्त दीड हात पुढे घ्यायची होती. तेवढ्यात गोदाचा पाय मोडला.

एप्रिलमधला दुसरा बुधवार, सकाळचे साडेनऊ. रत्नागिरीजवळ भाट्ये गावाच्या वरच्या कातळसड्यावर दत्तात्रेय खांबेटे यांची आंब्याची बाग आहे आणि बागेत पॅकिंग शेड आहे. शेडच्या तोंडाशी, छोट्याशा चढावर, त्यांची सहा महिन्यांपूर्वी घेतलेली ऑटोमॅटिक गाडी उभी होती. पेट्या न्यायला टेम्पो आला, त्याला वाट हवी होती. ड्रायव्हर विठू मायनाक याने नेहमीप्रमाणे चपला बाहेर काढल्या, गाडीत बसला, गाडी सुरू केली आणि पुढच्या क्षणी ती शेडमध्ये घुसली. पेट्यांची थप्पी कोसळली. थप्पीमागे पेंढा पसरत बसलेल्या, पॅकिंगला येणाऱ्या तरुण गोदाची उजवी नडगी बंपर आणि चिऱ्याची भिंत यांच्यामध्ये सापडली आणि दोन ठिकाणी मोडली.

विठूचं वय एकसष्ट. खांबेट्यांकडे तो तेहतीस वर्षं गाडी चालवत होता आणि या तेहतीस वर्षांत त्याच्या हातून एका कोंबडीलाही धक्का लागला नव्हता.

विमा कंपनीची सर्व्हेअर मृणाली शिवलकर हिच्याकडे हे प्रकरण पुढच्या सोमवारी आलं. कागदांत गाडीचे फोटो होते, अर्ज होता आणि एक जबाब होता. जबाबातला मजकूर दोन ओळींचा: "गाडी पुढे घेताना माझा पाय चुकून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला. यात गाडीचा दोष नाही." खाली विठूची सही. सही वेडीवाकडी होती. मजकुराचं अक्षर मात्र वळणदार, समास आखून काढलेलं.

अहवाल मंगळवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. हा जबाब त्यात गेला की पुढचं ठरलेलंच. पोलीस विठूवर गुन्हा नोंदवणार, त्याचा परवाना जाणार, आणि गावात तो एका पोरीला अधू करणारा म्हातारा ड्रायव्हर म्हणून उरणार. मृणालीने अशी प्रकरणं अर्ध्या दिवसात उरकली होती. माणसं पेडल चुकतात, म्हातारी माणसं थोडी जास्त चुकतात. तरी गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा तिचा नेम होता.

खांबेट्यांचं घर भाट्यातच आहे. गाडी पोर्चमध्ये घराच्या भिंतीला खेटून उभी होती, बंपर काथ्याने बांधलेला. दत्तात्रेय, म्हणजे गावाचे अण्णा, काळा चष्मा लावून झोपाळ्यावर बसले होते. त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. वाकायचं नाही, मान खाली घालायची नाही, वजन उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती.

त्यांच्या पत्नी उमाबाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी कोकम सरबताचा पेला पुढे केला.

"बस गो. किल्ली आणते. देवापुढे असते, बाहेर कुठे टाकायची नाही असा आमच्याकडचा नियम आहे."

त्या आत गेल्या. घर जुन्या बांधणीचं, ऐसपैस. ओटी, माजघर, स्वयंपाकघर ओलांडून मग देवघर. मृणाली गाडीभोवती फिरली. तिने सहज ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीला हात लावला. टक् करून कुलूप उघडलं. ती आत डोकं घालून पेडलं बघत होती, तोवर उमाबाई किल्ली घेऊन परत आल्या.

तिने बटण दाबून गाडीची वीज सुरू केली. समोरच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि विझेना. मृणालीने पिशवीतून स्कॅनर काढून स्टिअरिंगखालच्या खोबणीत जोडला. पडद्यावर एकच दोष उमटला.

ॲक्सिलरेटरच्या पेडलकडून येणारे दोन्ही संदेश एकाच वेळी तुटले होते.

२

हल्लीच्या गाडीत ॲक्सिलरेटर आणि इंजिन यांच्यात तार नसते. पेडल किती दाबलं हे एक सेन्सर मोजतो, तो आकडा वायरीतून गाडीच्या कॉम्प्युटरला जातो आणि इंजिनला किती हवा द्यायची ते कॉम्प्युटर ठरवतो. सेन्सर बिघडला तर गाडी बेफाम सुटू नये म्हणून एकच आकडा दोन वेगळ्या वाटांनी पाठवलेला असतो. एक वाट बिघडू शकते. दोन्ही एकाच क्षणी बंद पडायला बहुधा एकच कारण लागतं. कुणीतरी पेडलवरचा प्लग उपटलेला असावा लागतो.

मृणाली टॉर्च घेऊन पेडलखाली आडवी झाली. पेडलच्या दांड्यावर, वायरींवर, सगळीकडे सड्यावरची लाल धूळ बसली होती. फक्त प्लगच्या दोन्ही कडा स्वच्छ होत्या. खाली पायपुसणीच्या कडेला नखाएवढा काळा प्लास्टिकचा तुकडा पडला होता. वायर आवळायच्या पट्टीचं कापलेलं टोक.

प्लग काढून तोच परत लावण्यात कुणाला काय मिळणार? मध्ये काहीतरी जोडलेलं असेल आणि ते काढून घ्यायचं असेल, तर मात्र मिळणार.

दोष नोंदला जातो तेव्हा कॉम्प्युटर त्या क्षणाची स्थितीही लिहून ठेवतो. या गाडीत घड्याळाची वेळ लिहिलेली नव्हती, पण तीन आकडे होते. गाडी चाललेलं अंतर: आठ हजार चारशे बारा किलोमीटर. इंजिन: बंद. इंजिनातल्या पाण्याचं तापमान: पंचवीस अंश.

तिने डॅशबोर्डवरचं आजचं अंतर पाहिलं. तेही आठ हजार चारशे बारा. म्हणजे नोंद झाली ती अपघाताच्या जागी नव्हे. अपघातानंतर गाडी बागेतून घरी आली आणि मग, इथे याच पोर्चमध्ये, कुणीतरी प्लग काढला.

तिने अण्णांना विचारलं, गाडीत काही नवीन बसवलं होतं का. अण्णांनी चष्म्यामागून तिच्या दिशेला पाहिलं आणि सांगितलं की गाडीतलं त्यांना काही कळत नाही, तो विषय त्यांच्या मुलाचा, यज्ञेशचा. तो पुण्याला नोकरी करतो, पाडव्याला जोडून चार दिवस आला होता आणि मंगळवारी दुपारच्या गाडीने परत गेला. अपघात बुधवारचा. "विठूवर माझा राग नाही हो," ते म्हणाले. "वय झालं. पण त्याने आधी सांगायला हवं होतं की जमत नाही."

उमाबाई म्हणाल्या की नवीन काही नाही, जे आहे ते कंपनीतून आलेलं आहे. आणि त्यांनी रिकामा पेला उचलला.

बागेचा मुकादम गुरुप्रसाद वर शेडमध्येच भेटला. अपघातानंतर बुधवारी दुपारी गाडी घरी त्यानेच आणली होती. मृणालीने त्याला पहिला प्रश्न पिवळ्या दिव्याचा विचारला. तसला दिवा नव्हता, तो ठामपणे म्हणाला, असता तर मी गाडी हलवलीच नसती. किल्ली कुणाला दिली? वैनींच्या, म्हणजे उमाबाईंच्या, हातात.

मग ती जायला वळली तेव्हा तो मागून म्हणाला, "मॅडम, एक सांगू? बोलू की नको असं झालंय पाच दिवस. फाटकातून बाहेर काढताना गाडी माझ्या पायाखालीपण उसळली. माझं वय अडतीस आहे."

३

विठू घरी नव्हता. अपघाताच्या दुसऱ्या दिवसापासून तो मिरकरवाड्याला भावाकडे जाऊन राहिला होता. बंदरावर लिलाव संपला होता, बर्फाच्या गाड्या परतत होत्या. विठू एका होडीच्या सावलीत जाळं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्यातले फाटलेले डोळे विणत होता. मृणालीने ओळख सांगितली तसा तो उठून उभा राहिला.

जबाब खरा आहे, तो म्हणाला. सही त्याचीच आहे. मजकूर वैनींनी लिहिला, कारण त्याला तेवढं सरळ लिहिता येत नाही. वैनींनी समजावलं, की वय झालं की असं होतं, यात लाज नाही, गोदाचं सगळं आम्ही बघू.

मृणालीने विचारलं की तुम्हाला स्वतःला काय वाटतं.

विठूने जाळ्यातली सुई खोचून ठेवली. पहिल्या दिवशी तो सगळ्यांना सांगत होता की मी अंगठा टेकवला फक्त. कुणी ऐकेना. मग रात्रभर त्याने विचार केला. आता त्याला खात्री वाटत नव्हती. भावाच्या पडवीत बसून तो पाय जमिनीवर दाबून बघत होता. आधी उजवीकडे, मग डावीकडे. कधी वाटायचं बरोबर, कधी वाटायचं आपणच स्वतःची समजूत काढतोय.

"चढावर किती दाबायचं ते माज्या पायाला ठाव हाय," तो म्हणाला. "म्हणून तर मी चपला काढतो. अनवाणी पायाला कळतं. त्या दिवशी तेवढंच दाबलं आणि गाडीनं उडी मारलीन. मग ब्रेक. पण मॅडम, समदी म्हणतायत तर माजा पायच फितूर झाला असंल. तेहतीस वर्सं ज्याच्यावर भरवसा ठेवला तोच."

"गोदाला भेटलात?"

"काय सांगू तिला? पाय चुकला म्हणून? का नाय चुकला म्हणून? मलाच ठाव नाय."

त्याने जाळं परत मांडीवर ओढलं. मृणालीने उद्या सकाळी खांबेट्यांकडे याल का म्हणून विचारलं, तर तो म्हणाला की त्या पोर्चमध्ये तो पाऊल टाकणार नाही. मग बराच वेळ विणत राहिला आणि म्हणाला, गाडीत बसायला सांगणार नसाल तर येतो.

ती म्हणाली, "बसायलाच सांगणार आहे."

४

रत्नागिरीत गाडीचे सीटकव्हर, दिवे, कॅमेरे बसवणारे बरेच आहेत, पण गाडीच्या वायरीला हात लावू द्यावा असा निलेश कीर. अपघातानंतर गुरुवारी भर दुपारी खांबेट्यांकडे जाऊन बंपर काथ्याने बांधणारा तोच.

पेडलच्या प्लगमध्ये काय जोडतात, एवढंच मृणालीने विचारलं. निलेशने गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं, कपाटातून आगपेटीएवढी काळी डबी काढली आणि काउंटरवर ठेवली. तिला दोन बाजूंना दोन प्लग होते.

"थ्रॉटल रिस्पॉन्स कंट्रोलर. आम्ही थ्रॉटलची डबी म्हणतो."

हिचं काम त्याने थोडक्यात सांगितलं. पेडल आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये ही बसते. पायाने दहा दाबलं तर ही पुढे तीस सांगते. इंजिनची ताकद तेवढीच राहते, पण गाडी चटकन उचलते, चालवणाऱ्याला वाटतं जोर वाढला. मोबाइलवरून तिचे प्रकार बदलता येतात: साधा, शहरी, स्पोर्ट. बाहेर काही दिसत नाही. पेडलमागे पट्टीने आवळली की संपलं.

खांबेट्यांच्या गाडीत ही होती का?

निलेशने डबी उचलून परत कपाटात ठेवली. आपण बसवली नाही, तो म्हणाला. मृणाली काउंटरपासून हलली नाही. थोड्या वेळाने त्याने बाकीचं सांगितलं. पंधरवड्यापूर्वी यज्ञेशचा फोन आला होता, अशी डबी बसवून द्याल का म्हणून. निलेशने विचारलं की रोज गाडी कोण चालवतं. विठूकाका, असं उत्तर आलं. मग विठूकाकांना आणि अण्णांना सांगून या, तरच बसवतो, असं निलेशने कळवलं. पुन्हा फोन आला नाही.

"म्हणजे त्याने बाहेरून मागवून स्वतः बसवली असेल. बसवायला अवघड नाही. आणि हे मी पोलिसांना का सांगितलं नाही म्हणाल, तर मला कुणी विचारलं नाही. खांबेटे काकू मला आठवीला शिकवायला होत्या, मॅडम. आपण होऊन कसा जाऊ?"

"गुरुवारी तू बंपर बांधलास तेव्हा पिवळा दिवा होता?"

होता. काकूंना त्याने दाखवलाही. धक्क्याने लागला असेल, असं त्या म्हणाल्या होत्या.

बुधवारी दुपारी दिवा नव्हता, गुरुवारी दुपारी होता. मधल्या चोवीस तासांत डबी निघाली होती. मृणालीने स्कॅनरचा आकडा पुढे केला. पंचवीस अंश. निलेशने तो पाहिला आणि म्हणाला की या दिवसांत पाण्याला पंचवीस अंश दुपारी मिळत नाहीत, संध्याकाळी तर नाहीतच. पोर्चमधली गाडी रात्रभर निवली की पहाटे पाच-सहाच्या सुमाराला मिळतात.

"आणि मी काढली असती तर हा दोष मुळात नोंदलाच गेला नसता," तो पुढे म्हणाला. "काढताना काय किंवा बसवताना काय, गाडी आधी झोपवायची असते. दार उघडून ठेवायचं, किल्ली जवळ असली तर गाडी जागी राहते म्हणून ती लांब न्यायची, वीसपंचवीस मिनिटं थांबायचं. कॉम्प्युटर झोपला की प्लग काढा, त्याला पत्ता लागत नाही. मी किल्ली खिशात घालून कोपऱ्यावर चहाला जातो. ज्याने कुणी काढली त्याला हे माहीत नव्हतं."

मृणालीने स्कॅनर पिशवीत ठेवला. ज्याने काढली त्याने पट्टी कापली होती, प्लग न मोडता सोडवला होता, परत टक् आवाज येईपर्यंत बसवला होता. इतक्या निगुतीने काम करणारा माणूस वीस मिनिटं थांबायला विसरेल, हे तिला पटेना.

त्याला माहीत होतं. तो थांबलाही होता. तरी गाडी झोपली नव्हती.

५

मंगळवारी सकाळी पोर्चपाशी सहा माणसं होती. अण्णा झोपाळ्यावर, उमाबाई दाराच्या चौकटीशी, गुरुप्रसाद पायरीवर, निलेश त्याच्या हत्यारांच्या पेटीसह, मृणाली गाडीपाशी. विठू फाटकाच्या आत चार पावलांवर उभा राहिला, त्याच्या पुढे आला नाही. उमाबाईंनी त्याला ये म्हटलं, तो "बरा हाय इथं" म्हणाला.

मृणालीने सांगितलं की गाडीत काय जोडलं होतं ते समजण्यासाठी निलेश तशीच एक डबी जोडून दाखवणार आहे. तिने ड्रायव्हरचं दार उघडून ठेवलं आणि किल्ली उमाबाईंच्या हातात दिली.

"बाई, ही लांब नेऊन ठेवायची आहे. नेहमीच्या जागी ठेवा."

उमाबाई आत गेल्या आणि परत आल्या. निलेशने घड्याळ लावलं. पंचवीस मिनिटं सगळे तिथेच थांबले. अण्णांनी गुरुप्रसादला बागेतल्या उरलेल्या तोडीबद्दल विचारलं.

वेळ झाल्यावर मृणालीने दार ढकलून लावलं, मुठीला हात लावून कुलूप घातलं आणि पुन्हा हात लावला.

टक्. कुलूप उघडलं.

निलेशच्या कपाळावर आठी पडली. असल्या गाडीचं दार किल्ली हातभर अंतरात असेल तरच हात लावून उघडतं, तो म्हणाला. त्याने उमाबाईंकडे पाहिलं. किल्ली देवापुढेच आहे, त्या म्हणाल्या. देवघर इथून किती लांब, हे त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तो पोर्चच्या भिंतीकडे वळून बघत राहिला.

"चाळीस पावलं आहेत," मृणाली म्हणाली. "दारातून गेलं तर. काल निघताना देवाला नमस्कार करायला आत गेले तेव्हा मोजली. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मग उजवीकडे वळून देवघर. पण घराला वळसा पडतो. देवघराची मागची भिंत म्हणजे ही समोरची. देव त्या बाजूला, गाडी या बाजूला, मध्ये एक भिंत. किल्लीचा संदेश भिंतीतून जातो."

मग तिने जे जुळलं होतं ते मांडलं. गाडी झोपवायची तर किल्ली लांब ठेवायला हवी, हे काढणाऱ्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याने ती ठेवलीही. निलेशने काढली असती तर किल्ली त्याच्या खिशातून कोपऱ्यावर गेली असती. गुरुप्रसादने किल्ली बुधवारी दुपारीच देऊन टाकली होती. विठूच्या हातात त्या दिवसानंतर ती आलीच नाही. यज्ञेशने डबी बसवली तेव्हा दोष नोंदला गेला नाही, म्हणजे तो किल्ली घेऊन बाहेर गेला असणार; आणि गुरुवारी पहाटे तो पुण्यात होता. या घरात किल्ली लांब ठेवायची म्हणजे देवापुढे ठेवायची असं ज्याला वाटेल, अशी माणसं दोनच. त्यांपैकी अण्णांना मान खाली घालायची बंदी आहे, आणि पेडलमागचा प्लग मान खाली घातल्याशिवाय दिसत नाही.

अण्णांचा झोपाळा थांबला.

उमाबाई चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या मृणालीशी बोलल्या नाहीत, अण्णांशीही नाही.

"विठू," त्या म्हणाल्या, "मीच काढली ती."

६

त्यांनी सगळं सांगितलं, वर्गात प्रयोग सांगावा तसं, क्रमाने. सोमवारी यज्ञेशने डबी बसवली. किल्ली खिशात घालून तो अर्धा तास किनाऱ्यावर फिरून आला, मग जोडली. चालवून बघितली, खूश झाला. जाताना साध्या प्रकारावर आणायची राहिली. बुधवारी अपघाताचं कळल्यावर त्याचा फोन आला, तो घाबरला होता. डबी आहे हे कळलं तर गुन्हा आपल्यावर येईल, नोकरी जाईल, असं म्हणत होता. काढायची कशी ते त्याने फोनवर लिहून पाठवलं. त्यांनी तीनदा वाचलं. पहाटे उठून, किल्ली ठेवून, अर्धा तास मोजून, कात्रीने पट्टी कापून, लिहिलं होतं तसंच्या तसं केलं.

"त्याने खाडीत टाकायला सांगितली होती. ती मी टाकली नाही."

त्या आत गेल्या आणि शिवणयंत्राच्या खणातून डबी घेऊन आल्या.

किल्ली या वेळी गुरुप्रसादने नेली, पार रस्त्यापलीकडे. पंचवीस मिनिटांनी मुठीला हात लावला तर दार मख्ख राहिलं. निलेश पेडलखाली शिरण्याआधी मृणालीने त्याला थांबवलं, किल्ली मागवली, स्कॅनर जोडला आणि इंजिन बंद ठेवून गाडीची फक्त वीज सुरू केली. आधी डबीशिवाय बघायचं होतं.

"विठूकाका, बसा. शेडपुढच्या चढावर दाबता तेवढं दाबा. इंजिन बंद आहे, गाडी हलणार नाही."

विठूला गाडीपर्यंत यायला बराच वेळ लागला. त्याने चपला काढल्या, तळवे पोटऱ्यांवर पुसले आणि बसला. दाबलं. पडद्यावर कॉम्प्युटरला पोचलेला आकडा आला, चौदा टक्के. पुन्हा दाबायला सांगितलं. पंधरा. तिसऱ्यांदा चौदा.

मग किल्ली परत रस्त्यापलीकडे गेली, परत पंचवीस मिनिटं गेली आणि निलेशने डबी जोडली. वीज सुरू केली, थोडं थांबला, पेडल एकदा पूर्ण दाबून सोडलं, म्हणजे डबीला पेडलची दोन टोकं कळतात. त्याच्या मोबाइलवर डबीची शेवटची स्थिती दिसली: स्पोर्ट, सगळ्यात वरची पायरी. पिवळ्या दिव्यात फरक पडला नाही, नवा दोष नोंदला गेला नाही.

विठूने दाबलं. सेहेचाळीस. पुन्हा दाबलं. एकोणपन्नास. तिसऱ्यांदा सेहेचाळीस.

तो आकड्याकडे बघत बसून राहिला. मग त्याने पाय पेडलवरून उचलला आणि हाताने घोट्यापाशी धरला, दुखऱ्या मुलाला धरावं तसा.

अण्णांनी काळा चष्मा काढला होता. त्यांनी उमाबाईंना विचारलं की हे सगळं माहीत असताना त्या कागदावर विठूची सही कशी घेतलीस. उमाबाईंचा फोन वाजत होता, यज्ञेशचा. त्यांनी तो बंद केला, आतून वही आणली आणि झोपाळ्याच्या कडेला बसून समास आखला. मृणालीने त्यांना बजावलं, की हे लिहिलंत तर गाडीचं नुकसान कंपनी भरून देणार नाही. गोदाची भरपाई वेगळी, ती तिला मिळेल. आणि पोलिसांकडे हाच कागद जाईल, त्यात यज्ञेशचं नाव आणि तुमचंही असेल. उमाबाईंनी मान हलवली आणि लिहीत राहिल्या. दोन पानं झाली. खाली त्यांनी सही केली.

"उद्यापासून ये, विठू," अण्णा म्हणाले.

"उद्याचं उद्या बघू, अण्णा. आज गोदाकडं जायचंय."

तो मृणालीकडे वळला. ते आकडे कागदावर लिहून मिळतील का, त्याने विचारलं. गोदाला वाचता येतं.

मृणालीने आपल्या नावाचा छापील कागद काढला. सहा आकडे दोन रांगांत लिहिले. खाली लिहिलं, "अपघाताच्या वेळी चालकाने पेडलवर दिलेला दाब नेहमीइतकाच असावा असे दिसते." सही केली, शिक्का मारला आणि त्याला वाचून दाखवलं.

विठूने ऐकलं. "असावा म्हणजे?"

बावीस वर्षांच्या अहवालांत मृणालीने असावे, दिसते, संभवते याखेरीज क्रियापद वापरलेलं नव्हतं. तिने कागद परत घेतला, ती ओळ खोडली, शेजारी छोटी सही केली आणि खाली तीन शब्द लिहिले.

पाय चुकला नव्हता.

विठूने कागदाची घडी केली, परवान्याच्या पाकिटात घातली, चपला पायात सरकवल्या आणि तो रिक्षा बघायला रस्त्यावर गेला.